वेन मन्न आणि १९२५ चे कुस्तीचे जगज्जेतेपद

गामा पहिलवानांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात झिबिस्को हे नाव बहुधा ‘जगज्जेता’ या विशेषणासह येते. १९२८ च्या जानेवारीत पतियाळा येथे गामांनी या पोलिश मल्लास एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले, ही घटना निर्विवाद आहे. परंतु ज्या जगज्जेतेपदाचा उल्लेख त्या संदर्भात केला जातो ते झिबिस्कोकडे कोठून आले, किती दिवस राहिले आणि त्याची किंमत काय, याची चौकशी करू गेल्यास आपण अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूपाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव वेन मन्न. त्याचे चरित्र लहान आहे, आणि क्रीडापटू म्हणून त्याची योग्यताही बेताचीच होती. तथापि क्रीडेच्या इतिहासात सामन्यांच्या निकालांची कोष्टके पुरावा म्हणून वापरताना कोणती सावधगिरी बाळगावयास हवी, हे शिकण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

मन्नचा जन्म १८९६ साली कॅन्सस राज्यात झाला. शिक्षणासाठी तो शेजारच्या नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील विद्यापीठात गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील फुटबॉल संघात आघाडीच्या फळीत खेळला. उंची सुमारे साडेसहा फूट आणि ऐन उमेदीत वजन अडीचशे पौंडांच्या वर. ‘बिग मन्न’ हे त्याचे लोकप्रिय नाव अर्थातच यावरून पडले. त्याचा भाऊ माँटी हाही त्याच विद्यापीठाकडून फुटबॉल खेळला आणि पुढे मुष्टियुद्धात उतरला. दांडगट शरीर ही या घराण्याची जणू वडिलार्जित मिळकतच होती.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या फळीतून वाट काढीत पुढे धावावयाचे, आणि चेंडू नेणाऱ्यास अंगावर झेप घेऊन जमिनीवर पाडावयाचे, असा तो खेळ आहे. १८६९ साली प्रिन्स्टन व रट्गर्स या दोन महाविद्यालयांत झालेल्या सामन्यापासून त्याचा इतिहास मोजतात. शतकाच्या आरंभी त्यातील दुखापती व मृत्यू इतके वाढले की १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली, आणि दुसऱ्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा देऊन नियम बदलण्यात आले. त्यानंतर या खेळाची लोकप्रियता झपाट्याने वाढली. पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांना जी प्रतिष्ठा परंपरेने मिळाली होती ती मध्य-पश्चिमेच्या शेतकरी राज्यांतील विद्यापीठांनी फुटबॉलच्या मैदानावर मिळविली. नेब्रास्काचे उदाहरण ठळक आहे. १९२२ व १९२३ या लागोपाठच्या दोन वर्षी नेब्रास्काने नॉत्र दामच्या नामांकित संघास हरविले, आणि १९२३ मध्येच लिंकन येथे युद्धातील मृतांचे स्मारक म्हणून भव्य क्रीडांगण उभे राहिले. अशा राज्यात विद्यापीठाच्या संघातून खेळलेला धिप्पाड खेळाडू खेड्यापाड्यांतून नावाने ओळखला जाई. मन्नचे खरे भांडवल हेच होते.

मात्र या भांडवलावर व्याज मिळण्याची सोय फुटबॉलमध्ये नव्हती. महाविद्यालयीन खेळाडूने पैसे घेऊ नयेत असा दंडक होता. हजारो तिकिटे खपत, ते उत्पन्न विद्यापीठाकडे जाई, आणि शिक्षण संपताच खेळाडूचा खेळही संपे. व्यावसायिक फुटबॉलचा संघ १९२० साली ओहायोतील कँटन येथे स्थापन झाला होता खरा, परंतु त्याची अवस्था आरंभीची काही वर्षे दयनीयच होती. संघ निघत आणि बुडत. इलिनॉयचा अत्यंत लोकप्रिय खेळाडू रेड ग्रेंज हा १९२५ च्या नोव्हेंबरात महाविद्यालयीन खेळ संपवून लगेच शिकागोच्या व्यावसायिक संघात गेला, तेव्हा कोठे या धंद्याकडे लोकांचे लक्ष वळले. मन्न त्यापूर्वीच्या पिढीतला. फुटबॉलमध्ये कमावलेले नाव विकावयाचे तर ते दुसऱ्याच बाजारात नेऊन विकणे त्याला भाग होते. असा एक बाजार त्या सुमारास अशा मालाच्या शोधात होता. तो म्हणजे कुस्तीचा.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. नेब्रास्का आणि त्यालगतचे आयोवा ही राज्ये म्हणजे अमेरिकन कुस्तीचे माहेरघर. फ्रँक गॉच हा आयोवाचा. त्याने १९०८ साली शिकागो येथे जॉर्ज हॅकनश्मिट यास हरवून जगज्जेतेपद मिळविले आणि १९११ साली पुन्हा त्याच शहरात त्याच मल्लास पराभूत केले. त्याचे गुरू ‘फार्मर’ बर्न्स हे नेब्रास्कातील ओमाहाहून टपालाने कुस्तीचे पाठ विकीत. ‘टपालाने कुस्ती’ ही कल्पना आपल्याकडील तालमीच्या वस्तादांस हास्यास्पद वाटेल. पण तिला हजारोंनी शिष्य मिळाले. गॉचनंतर पुढे आलेला जो स्टेकर हा नेब्रास्कातील डॉज या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा. पायांची कैची घालून तो प्रतिस्पर्ध्याची बरगडी आवळी, आणि हा डाव त्याने धान्याची पोती पायांत आवळून साधला अशी आख्यायिका आहे. म्हणजे ज्या भूमीत मन्न वाढला तेथे खऱ्या कुस्तीची विद्या घरोघर होती. मन्नला ती आली नव्हती. तो आखाड्यातून आलेला नव्हता, तो आला विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावरून.

गॉच १९१३ मध्ये निवृत्त झाला आणि १९१७ मध्ये वारला. त्यानंतरच्या धंद्याची अडचण समजण्यास एकच सामना पुरेसा आहे. १९१६ च्या ४ जुलै रोजी ओमाहा येथे स्टेकर आणि एड लुईस यांची कुस्ती लागली. ती सुमारे पाच तास चालली आणि बरोबरीत सुटली. तुल्यबळ मल्ल खऱ्या ईर्ष्येने भिडले म्हणजे कुस्ती खडाखडीत अडकते आणि निकाली होत नाही, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही. पण आपल्या फडावर एका दिवशी पन्नास कुस्त्या होतात. अमेरिकेत प्रेक्षक एकाच कुस्तीचे तिकीट काढून येई. पाच तास दोन माणसे एकमेकांच्या माना धरून उभी राहिलेली पाहण्यास तो पुन्हा येईलच असे नाही. निकाल आधी ठरविण्याची प्रथा जुनी होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिला एखाद्या कारखान्याची शिस्त आली.

ही शिस्त आणणारे तिघे : स्वतः लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो, आणि जोसेफ ‘टूट्स’ माँट. (हा सँडो निराळा. ज्याच्या नावाची बंडी आपण वापरतो तो युजेन सँडो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. याचे मूळ आडनाव बाउमन.) मल्लांना करारबद्ध करावयाचे, गावोगाव त्यांचा ताफा फिरवावयाचा, कुस्तीला वेळेची मर्यादा घालावयाची, तिच्यात उचलफेक व मुष्टियुद्धाची झटापट आणावयाची आणि कोण केव्हा हरेल हे आधीच नेमावयाचे, अशी ती व्यवस्था होती. तिची सर्वपरिचित हकिकत मार्कस ग्रिफिन याच्या १९३७ सालच्या ‘फॉल गाइज’ या पुस्तकात आली आहे. हे पुस्तक घटनांनंतर दहाबारा वर्षांनी, धंद्यातील ऐकीव माहितीवरून आणि चटकदार भाषेत लिहिलेले आहे. त्यातील संवाद आणि हेतूंची वर्णने जशीच्या तशी स्वीकारणे धोक्याचे होय. तरीदेखील ते टाकाऊ ठरत नाही. त्यातील कथेचा सांगाडा सामन्यांच्या तारखांशी ताडून पाहता येतो, आणि मन्नच्या बाबतीत तो बव्हंशी जुळतो.

१९२४ साली मन्न या व्यवस्थेत आला. लुईस तोवर जवळजवळ सर्वांस हरवून बसला होता. जो हरण्याचा संभव नाही अशा जेत्याची कुस्ती पाहण्यास गर्दी होत नाही, हे सँडो ओळखून होता. लुईसचे पद कोणाकडे तरी जावे, पण घराबाहेर जाऊ नये. नवा जेता लोकांस आधीच ठाऊक असावा, पण मागाहून सांगितले असता पद परत करण्याइतका परावलंबी असावा, अशी त्याची गरज होती. आखाड्यातून आलेला तयार मल्ल या कामी निरुपयोगी होता, कारण तो उलटण्याची भीती. फुटबॉलपटू मात्र अगदी योग्य. त्याला नाव आहे, देह आहे आणि विद्या नाही. मन्नची निवड त्याच्या उणिवेमुळे झाली, हे या प्रकरणाचे मर्म आहे असे मला वाटते.

८ जानेवारी १९२५ रोजी मिझुरीतील कॅन्सस सिटी येथील कन्व्हेन्शन हॉलमध्ये लुईस आणि मन्न यांची कुस्ती झाली. तीनांपैकी दोनदा चीत करील तो विजयी, असा नियम. पहिल्या लढतीत मन्नने लुईसला चीत केले. दुसऱ्या लढतीत त्याने लुईसला उचलून दोरांपलीकडे रिंगणाबाहेर फेकले. पंचाने हा नियमभंग ठरवून ती लढत लुईसच्या पदरात टाकली. दुखापत झाली म्हणून लुईसला आत नेण्यात आले, काही वेळाने तो परत आला, आणि तिसऱ्या लढतीत मन्नने त्याला लवकरच पाडले. वृत्तपत्रांनी हे सारे खरे म्हणून छापले. सँडोने ताबडतोब तक्रार केली की, प्रतिस्पर्ध्यास रिंगणाबाहेर फेकणारा बाद ठरावयास हवा होता, सबब पद लुईसचेच आहे.

आता ही हकिकत पुराव्याच्या दृष्टीने वाचून पाहावी. पराभूताची प्रतिष्ठा राखणारी दुखापत, जेत्याची आडदांड शक्ती दाखविणारी फेक, पुढील सामन्यासाठी राखून ठेवलेला वाद आणि पदावर दोघांचा हक्क, इतक्या सोयीच्या गोष्टी एका रात्रीत आपोआप जुळून येत नाहीत. हे एक नाटक होते, आणि ते बेतशीर लिहिलेले होते. त्यातील फेक मात्र फुटबॉलमधून आलेली होती. आखाड्यातील डावपेचांऐवजी मैदानावरील धसमुसळेपणा प्रेक्षकांना अधिक चटकन कळतो, हा शोध त्या रात्री लागला; तो पुढे धंद्यास पुरून उरला.

फेब्रुवारीत मन्नने कॅन्सस सिटी येथेच स्टॅनिस्लॉस झिबिस्को यास हरविले. झिबिस्को या वेळी पंचेचाळिशीच्या आसपास होता. १९२१ मध्ये त्याने लुईसकडून पद मिळविले होते आणि १९२२ मध्ये ते लुईसला परत दिले होते. अशा जुन्या जेत्यास हरविल्यामुळे नवशिक्या मन्नला वजन येणार होते. हाच प्रयोग फिलाडेल्फियात पुन्हा करण्याचे ठरले. १५ एप्रिल १९२५ रोजी तो झाला, पण ठरल्याप्रमाणे झाला नाही. झिबिस्कोने मन्नला लागोपाठ दोनदा सहजगत्या चीत केले आणि तो जगज्जेता झाला. मन्नचे पद सत्त्याण्णव दिवस टिकले.

ही कुस्ती ठरवून केलेली नव्हती, निदान मन्नशी ठरवून केलेली नव्हती, असे कशावरून म्हणावयाचे? ग्रिफिनच्या शब्दावर विसंबण्याची आवश्यकता नाही. लाभ कोणास झाला एवढे पाहिले म्हणजे पुरे. ३० मे रोजी झिबिस्को सेंट लुई येथे जो स्टेकरपाशी हरला आणि पद स्टेकरकडे गेले. स्टेकर व त्याचा भाऊ टोनी हे सँडोच्या गोटाचे प्रतिस्पर्धी. न्यूयॉर्कचा कुस्ती भरविणारा जॅक कर्ली त्यांच्या बाजूचा. सँडोच्या घरातील पद दीड महिन्यात शत्रूच्या घरी पोहोचले. कोणीही शहाणा व्यापारी आपला माल अशा रीतीने आपण होऊन देणार नाही. दुसरा पुरावा त्याहून बोलका आहे. त्याच ३० मे रोजी इंडियाना राज्यातील मिशिगन सिटी येथे लुईसने मन्नला हरविले आणि ‘आपणच खरा जेता’ अशी घोषणा केली. म्हणजे फिलाडेल्फियाची कुस्ती झालीच नाही, असे मानून चालण्याचा हा प्रयत्न होता. ठरलेल्या घटनेचा असा इन्कार करण्याचे कारण पडत नाही. पुढे स्टेकर व लुईस यांची तडजोड होऊन सेंट लुई येथे त्यांची कुस्ती झाली, ती १९२८ च्या २० फेब्रुवारीस.

एप्रिलच्या त्या रात्री मन्नवर जो प्रसंग आला त्याची कल्पना करणे कठीण नाही. आपला प्रतिस्पर्धी करार पाळील या भरवशावर हा मनुष्य रिंगणात उतरला होता. समोरच्याने करार मोडताच त्याच्या हाती काहीच उरले नाही, कारण झिबिस्कोस अडविण्याइतकी विद्या त्याला कोणी दिलेलीच नव्हती. झिबिस्को हा गॅलिशियातून आलेला, तरुणपणी युरोपभर लढलेला, जाड मानेचा आणि कसलेला मल्ल. त्याच्याशी सचोटीने लढण्याची पाळी मन्नवर कधी येईल असे सँडोने गृहीत धरले नव्हते. ज्यांनी मन्नला जेता केले त्यांनीच त्याला निःशस्त्र ठेवले होते. या प्रकरणात फसवणूक झाली ती प्रेक्षकांची, असे सामान्यतः म्हटले जाते. पण सर्वांसमक्ष तिची शिक्षा भोगली ती मन्नने.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गामांनी झिबिस्कोस हरविले, झिबिस्कोने मन्नला हरविले, मन्नने लुईसला हरविले. सबब गामा हे लुईसहून श्रेष्ठ, असा युक्तिवाद कोष्टकावरून सहज उभा करता येतो. गामांच्या थोरवीला अशा टेकूची गरज नाही, आणि हा टेकू तर पोकळ आहे. या साखळीतील लुईस-मन्न हा दुवा नाटकाचा आहे. मन्न-झिबिस्को हा दुवा खरा, परंतु एकतर्फी; त्यात एकजण लढत होता आणि दुसऱ्याला कुस्ती सुरू झाल्याचे ठाऊकच नव्हते. झिबिस्को व गामा यांची पहिली भेट १९१० च्या १० सप्टेंबरला लंडनमध्ये झाली. त्या वेळी झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी जमिनीला पोट लावून पडून राहिला. गामांना त्याला उलथविता आले नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढावयाचे होते, पण तो आलाच नाही, म्हणून ‘जॉन बुल’ पट्टा गामांना मिळाला. प्रेक्षणीयतेच्या दृष्टीने ही कुस्ती भिकार होती. परंतु ती तशी होती हीच तिच्या खरेपणाची ग्वाही होय. ठरवून केलेल्या कुस्तीत कोणी अडीच तास पालथा पडून राहत नाही. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या प्रकाराचे एक लक्षण असे की, ती पाहण्यास फार बरी असते.

राहिला प्रश्न विशेषणाचा. १९२८ च्या जानेवारीत, पतियाळास आला तेव्हा, झिबिस्को जगज्जेता नव्हता. ते पद त्या वेळी स्टेकरकडे होते. झिबिस्कोने ते १९२५ मध्ये उणेपुरे दीड महिना सांभाळले, आणि तेही मन्नसारख्यास हरवून. ‘माजी जगज्जेता’ म्हणणे तांत्रिक दृष्ट्या योग्य आहे. पण त्याची खरी योग्यता त्या पदात नसून १९१० पर्यंतच्या त्याच्या युरोपातील कीर्तीत आहे, आणि गामांच्या विजयाचे मोल करावयाचे तर त्या कीर्तीवरून, तसेच १९२८ साली उभय मल्लांचे वय किती होते हे ध्यानात घेऊन, करावयास हवे.

अमेरिकन धंद्याने मन्नच्या फजितीपासून जो धडा घेतला तो आपण घेतला असता त्याच्या अगदी उलट होता. फुटबॉलपटूस जेता करू नये, असे कोणी म्हटले नाही. त्याच्याभोवती पहारा ठेवावा, एवढेच ठरले. नेब्रास्काचा जॉन पेसेक याच्यासारखे खरे विद्वान मल्ल पदरी बाळगावयाचे, आणि बाहेरचा कोणी आव्हान देऊ लागला की आधी त्याला यांच्या हवाली करावयाचे, अशी प्रथा होतीच. ती आता जेत्याच्या संरक्षणासाठी अपरिहार्य झाली. १९२९ च्या ४ जानेवारीस बोस्टन येथे डार्टमथ महाविद्यालयाचा जुना फुटबॉलपटू गस सोननबर्ग याने लुईसला हरविले. त्याचे मुख्य अस्त्र काय, तर फुटबॉलमधील झेप घेऊन पाडण्याची रीत. मन्नने जे एकदा केले ते सोननबर्गने रोजचे केले. पुढे मिनेसोटा विद्यापीठाचा ब्राँको नागुर्स्की १९३७ साली जगज्जेता झाला. तो मन्नहून सर्वस्वी वरचढ खेळाडू होता, आणि पुढे १९६३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात पहिल्याच तुकडीत त्याचा समावेश झाला. पण कुस्तीच्या रिंगणात त्याला आणणारी वाट मन्नचीच होती.

याच काळात महाविद्यालयीन कुस्ती धंद्यापासून अलग राहून वाढली. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघाने कुस्तीच्या पहिल्या स्पर्धा भरविल्या त्या आयोवातील एम्स येथे, १९२८ साली. गॉच आणि बर्न्स यांची विद्या अशा रीतीने त्याच भूमीत विद्यापीठांच्या व्यायामशाळांत टिकून राहिली, आणि मैदानी फुटबॉलची कीर्ती मात्र रिंगणात विकली गेली.

मन्न ९ जानेवारी १९३१ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे सैनिकी रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. त्याने अद्याप पस्तिशी गाठली नव्हती. लुईसवरील त्याच्या विजयास आदल्याच दिवशी सहा वर्षे पूर्ण झाली होती. कुस्तीचे जगज्जेतेपद तोवर दुभंगले होते, आणि त्याच्या दोन हक्कदारांपैकी एक होता डॉन जॉर्ज : मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी, आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतर्फे खरी कुस्ती खेळून आलेला मल्ल.